लाल रेषेच्या खाली

४ जानेवारी

दिवा नापास झाला.

‘काय दिवे लावलेत’ हे वाक्य आजवर मी दुसऱ्यांना ऐकवत आले. आज ते माझ्यावरच उलटलं, आणि तेही अक्षरशः. लॅबमधली चाचणीची खोली अशी. चारी भिंतींना निळ्या फोमची टोकं, मधोमध फिरतं टेबल आणि त्यावर आमचा एकुलता एक वाचनदिवा, वधूपरीक्षेला बसवल्यासारखा. आम्ही काचेच्या अलीकडे. संगणकाच्या पडद्यावर एक लाल रेषा होती. दिव्यातून ज्या विजेच्या लहरी बाहेर सुटतात, त्या या रेषेच्या खाली राहिल्या पाहिजेत, नाहीतर शेजारच्याचा रेडिओ खरखरतो, कुणाचं काही भलतंच बिघडतं. आमचा आलेख सुरुवातीलाच रेषा ओलांडून वर गेला आणि खाली यायचं नावच घेईना. लॅबमधली मॅडम म्हणाली, मंद-प्रखर करायचं तुमचं सर्किट फार गोंगाट करतंय. मी म्हटलं, मला तर काही ऐकू येत नाही. ती हसली. बरोबरच आहे, मूर्खासारखंच बोलले मी.

परतताना ठिणग्या मांडीवरच दिवा उघडून बसला. ठिणग्या म्हणजे माझा मामेभाऊ. लहानपणी सॉकेटमध्ये हेअरपिन घालून त्याने सगळ्या इमारतीची वीज घालवली, तेव्हापासूनचं हे नाव. आता आमच्या दिव्याचं सर्किट त्याच्याच हातात आहे. देव तारी त्याला कोण मारी.

मार्चअखेर ‘पास’चा शिक्का मिळाला नाही तर ऑर्डर जाईल. परदेशातल्या वृद्ध निवासांची मोठी साखळी आहे, त्यांच्या एकेका खुर्चीला आमचा एकेक दिवा लागणार आहे. अशी ऑर्डर पुन्हा दारात यायची नाही. मी नोकरी सोडलीय ती याच्याच भरवशावर.

बाबांना सांगितलं. म्हणाले, “कोर्टात पहिल्या तारखेला कुणी जिंकतं का?” बाबा जन्मभर कोर्टात लघुलेखक होते, त्यांना सगळ्या गोष्टींना पुढची तारीख असते. दिवा मुळात त्यांच्यासाठीच केला होता आम्ही. डोळे अधू झाले आणि वर्तमानपत्र सुटलं, तेव्हा खुर्चीच्या हाताला चिमट्याने बसेल असा दिवा ठिणग्याने करून दिला. बाबा पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचत सुटले. तेव्हा वाटलं, जगात अशा खुर्च्या किती असतील.

७ जानेवारी

शिक्केकाकांकडे गेले होते. कुठल्या देशात माल विकायला कुठला शिक्का लागतो हे सांगणं हाच त्यांचा धंदा. खरं आडनाव मला माहीत आहे, पण तोंडात शिक्केकाकाच बसलंय. टेबलावर निरनिराळ्या देशांतले चार्जर पडले होते. एकेक उलटा करून त्यांनी मला पाठ दाखवली. एका देशात खूण ठरलेल्या मापापेक्षा लहान असली की माल परत. दुसऱ्या देशात आपलं आपण जाहीर केलं की भागतं, पण उद्या खोटं निघालं तर मानगूट आपलीच. तिसऱ्याला त्याच्याच देशातल्या लॅबचा कागद हवा, आपली लॅब कितीही सोवळी असली तरी. चौथ्याला वस्तू आयात करणाऱ्याचा पत्ता वस्तूवरच हवा. आमचा दिवा केवढा, त्याची पाठ केवढी! मी म्हटलं, मग दिव्यापेक्षा पाटीच मोठी करू. ते म्हणाले, तसंही करतात काही जण.

एक वाक्य मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. “ताई, जे विचारलंय तेवढंच उत्तर द्यायचं. नियम जिथे गप्प बसतो, तिथे आपणही गप्प बसायचं.” शहाणा माणूस आहे.

१५ जानेवारी

ठिणग्याने कमाल केली! दिवा मंद करायचा म्हणजे तो डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करायचा असतो, हे मला इतक्या दिवसांनी समजलं. आमचा वेग फार होता आणि तोच लाल रेषेच्या वर डोकं काढत होता. ठिणग्याने वेग कमी केला. इतका कमी की लॅबची मोजणी जिथून सुरू होते, त्याच्याही खाली गेला.

मी विचारलं, “म्हणजे गोंगाट गेला?”

“गेला म्हणजे... जिथे बघतात तिथून गेला,” तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. गेला म्हणजे गेला. उगाच कशाला घोळ घालायचा?

२१ जानेवारी

आमच्या कारखान्याच्या गाळ्यात हलायला जागा उरली नाही, म्हणून जोडून झालेले दिवे तापवायला घरी आणले. तापवणं म्हणजे दिवसचे दिवस सलग पेटते ठेवायचे. ज्याला मरायचं असेल तो आपल्याकडेच मरावा, गिऱ्हाइकाकडे नको. हॉलच्या दोन्ही भिंतींना मांडणीचे घोडे लावले आणि त्यांवर दिव्यांच्या रांगा. छतातली ट्यूबलाइटची जुनी नळी काढून तिथेही आमचंच सर्किट बसवलं, बाबांच्या खोलीतही आणि स्वयंपाकघरातही. आमच्या घरात आता परका दिवा एकही नाही. शेजारीण दारात येऊन डोळ्यांवर हात धरून म्हणाली, अगं बाई, तुमच्याकडे रोजच लग्न दिसतंय.

बाबा सगळीकडे फिरून आले. म्हणाले, “कुठे मोटर चालू आहे का गं?” खालच्या टाकीचा पंप असेल म्हटलं. बघितलं तर पंप बंद होता. बाबा म्हणाले, मग असेल काहीतरी.

२८ जानेवारी

गाळ्यातून आले तर बाबा स्टुलावर चढून कपाटामागे बघत होते. या वयात, स्टुलावर! काय शोधताय म्हटलं, तर म्हणे भुंगा शिरलाय घरात, सकाळपासून भुणभुणतोय, इथेच कुठेतरी आहे. मी कान देऊन ऐकलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. तसं सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि कानातलं मशीन काढून, पुसून, पुन्हा घातलं. म्हणाले, “अजूनही आहे.”

मी त्यांचा हात धरून खाली उतरवलं. मैत्रिणीच्या सासऱ्यांची सुरुवात अशीच झाली होती. आधी आवाज, मग माणसं. माझ्या बाबांचं तसं व्हायला नको. दिवाळं निघालं तरी चालेल, पण हे नको.

२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. बाबांनी इतक्या झरझर केलं की डॉक्टरांनाच बोटांवर मोजावं लागलं. तरी म्हणाले, वयोमानाप्रमाणे होतात असे भास, एक हलकी गोळी देतो. बाबा मध्येच म्हणाले, “इथे येत नाहीये आवाज. घरीच येतो.” डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हणजे काय, आम्हा दोघांना समजलं.

घरी येताना बाबांनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. त्यांना गोळी नको असणार, पण घेतील. माझ्यासाठी घेतात ते सगळं.

९ फेब्रुवारी

पास! पास! पास!

आलेख लाल रेषेच्या खाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शहाण्या मुलासारखा. लॅबमधली मॅडमसुद्धा म्हणाली, इतका स्वच्छ निकाल क्वचित बघायला मिळतो. ठिणग्या बाहेर जाऊन रडून आला आणि धूळ गेली म्हणाला. ती खोली अशी की तिथे धूळसुद्धा परवानगी काढून येते.

घरी येऊन दारातूनच ओरडले, बाबा, पास झालो. ते पाठमोरे बसले होते, वळलेच नाहीत. समोर गेले तेव्हा तोंड भरून हसले, डोक्यावर हात ठेवला. भुणभुण आहे का विचारलं. आधी माझ्याकडे बघत राहिले, पुन्हा विचारल्यावर म्हणाले, थांबली. गोळी लागू पडली म्हणायची. एकाच दिवशी दोन्ही गोष्टी.

१३ फेब्रुवारी

आत्याचा फोन, माझ्यावर गाडी घसरली. तुझा बाप फोन का उचलत नाही? उचलला तर हो-हो करून ठेवून देतो. रोज संध्याकाळी बोलल्याशिवाय दोघांना घास उतरत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. आत्या अंथरुणाला खिळल्यापासून तर तो फोन म्हणजे तिचं औषधच. बाबांना विचारलं. म्हणाले, तिला दम लागतो बोलताना, कशाला त्रास द्यायचा. मला पटलं नाही, पण भावाबहिणीच्या मध्ये मी कोण पडणार?

२० फेब्रुवारी

आज दिवसभर पाटी. म्हणजे दिव्याच्या पाठीवर छापायचा मजकूर. शिक्केकाकांनी पाठवलेलं एका देशाचं वाक्य वाचून मी हसत सुटले. मराठीत सांगायचं तर असं: या उपकरणाने कुणाला उपद्रव देऊ नये, आणि दुसऱ्याचा उपद्रव झाला तर तो निमूट सोसावा. दिव्याची पाटी आहे की सासरी निघालेल्या मुलीला उपदेश? स्वयंपाकघरातूनच बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, “चालेल, थोडासाच चहा कर.” लक्षच नसतं हल्ली.

असो. पाटी मंजूर झाली. माहितीपत्रक मंजूर झालं. शिक्केकाकांनी बजावलंय की आता यातला एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. हलवला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

३ मार्च

बाबा खूप बरे आहेत. हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर वहीत सगळी रडगाणीच. भुंग्याचं नाव नाही. कशाची तक्रार नाही. मी बोलत असले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघत असतात, इतकं लक्ष देऊन की कधीकधी मलाच अवघडल्यासारखं होतं. संध्याकाळी खुर्ची माझ्या खुर्चीसमोर ओढतात आणि दिवा माझ्या चेहऱ्यावर वळवतात. मी म्हणते, बाबा, आरोपी आहे का मी? ते हसतात. माझ्या प्रत्येक विनोदाला हसतात हल्ली, ठिणग्याच्यासुद्धा. तेवढं मात्र जरा संशयास्पद आहे.

१४ मार्च

माल गेला. घोडे रिकामे झाले, आता पुढच्या खेपेचे दिवे चढवायचे. ट्रक कोपऱ्यावरून वळला तेव्हा ठिणग्या आणि मी वेड्यासारखे हात हलवत उभे होतो. शिक्का, पाटी, पत्रक, सगळं जिथल्या तिथे. बाबा खिडकीत उभे होते. इतक्या दिवसांत ते इतके एकटे कसे दिसायला लागले, असं उगाच मनात आलं. मग पुढच्या खेपेच्या खोक्यांचा फोन आला आणि मी त्यात गुंतले.

१९ मार्च

घडलं तसं लिहिते.

कानाच्या मशीनवाल्यांचा फोन आला. म्हणाले, तुमच्या वडिलांचं मशीन घेऊन जा, आम्ही तीन-तीनदा तपासलं, काही दोष नाही. मी म्हटलं, कुठलं मशीन? ते तर त्यांच्या कानात आहे. ते म्हणाले, नाही, फेब्रुवारीतच आणून दिलंय त्यांनी, आता लागणार नाही म्हणाले, कुणा गरजूला द्या.

मी आठवायला लागले. बाबांच्या कानात मशीन शेवटचं कधी बघितलं? एकाच घरात राहते मी त्यांच्या. आठवेना.

दुकानात गेले. मशीनवाले सांगत होते आणि मी उभी. या मशीनमध्ये एक बारीक कॉइल असते. फोनचा आवाज ती थेट कानात आणते. बहिणीचा फोन येतो म्हणून तुमच्या वडिलांनी ती कायम चालू ठेवून घेतली होती. पण जवळच्या वायरींतून काही वाजत असेल तर ते पण ती ऐकते, आपल्याला ऐकू येत नाही असं. घरात नवीन काही आणलंय का विजेचं? तुमचे वडील म्हणत होते, घराबाहेर पडलं की आवाज थांबतो. मी विचारलं, मग मला का नाही कळवलं? मशीनवाले म्हणाले, “तेच म्हणाले, पोरीला सांगू नका. तिची परीक्षा चालू आहे.”

घरी आले. बाबा आत पडले होते. हॉलमध्ये पुढच्या खेपेचे दिवे पेटलेले. मी मशीन माझ्या कानात घातलं.

काय लिहू? भुंगा नव्हे, भुंग्यांचं पोळं. जाड, कर्कश, न थांबणारं. घोड्यांजवळ गेले की कवटीत शिरत होतं. दोन मिनिटांत मला मशीन उपटून फेकावंसं वाटलं. बाबा त्यात आठवडेच्या आठवडे बसले होते, आणि मी त्यांना गोळी देत होते.

मी एकेक रांग बंद करत गेले. आवाज उतरत गेला. स्वयंपाकघर, छत, सगळं बंद केलं. मग आत गेले. बाबा उठून बसले होते, खुर्चीवरचा दिवा तेवढा चालू होता, तोही बंद केला. कानात एकदम शांत झालं. मी त्या अंधारात म्हणाले, बाबा, मला माफ करा, मला आत्ता कळलं. पुन्हा म्हणाले. आणखीही काय काय म्हणाले.

बाबा म्हणाले, “दिवा लाव गं. काही ऐकू येत नाहीये.”

२० मार्च

सकाळी मशीन त्यांच्या कानात घातलं. दिवसा दिव्यांची गरज नाही. मी विचारलं, बाबा, मला का नाही सांगितलंत?

“सांगितलं होतं की. दोनदा.” रागाने नव्हे, साक्षीची नोंद वाचून दाखवावी तसं म्हणाले.

तिथून तडक ठिणग्याकडे. त्याचं तोंड बघून कळलं की त्याला कधीतरी शंका येऊन गेली होती आणि त्याने ती झटकून टाकली होती. माझ्यासारखीच. वेग पुन्हा वाढव म्हटलं. तो म्हणाला, ताई, वाढवला तर लाल रेषेच्या वर जातो, शिक्का जातो. नवं सर्किट करायचं म्हणजे सगळ्या चाचण्या नव्याने. आणि गेलेल्या मालाचं काय?

लॅबमधल्या मॅडमला फोन केला. ती वाईट वाटून म्हणाली, तुमचं खरं असेल, पण आमची मोजणी एका ठरलेल्या वेगापासून सुरू होते. त्याच्या खाली आम्ही बघत नाही. मग कोण बघतं? तिला माहीत नव्हतं.

मशीनवाल्यांना विचारलं, ती कॉइल बंद केली तर? भुणभुण थांबेल, म्हणाले, पण फोनही जाईल. आणि मग सहज म्हणून त्यांनी आणखी एक सांगितलं. परदेशातल्या अशा निवासांच्या हॉलमध्ये जमिनीखालून वायर फिरवलेली असते. कार्यक्रम असो, बोलणं असो, सगळ्या म्हाताऱ्यांची मशीनं त्या कॉइलवरच ऐकतात.

२१ मार्च

शिक्केकाकांना म्हटलं, माल थांबवा. ते म्हणाले, कुठल्या कारणाने? निकाल स्वच्छ आहे. म्हटलं, निदान एक चिठ्ठी घालू द्या खोक्यात, की कानाला मशीन असेल तर हा दिवा लांब ठेवा. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, चिठ्ठी म्हणजे पत्रकात बदल. पत्रकात बदल म्हणजे नवी मंजुरी. आणि ताई, आपला दिवा कानाच्या मशीनला त्रास देतो असं आपणच लिहून दिलं तर मंजुरी कोण देईल? न लिहिता मंजुरी आहे, लिहून नाही. भला माणूस आहे, मला चहा पाजला.

रात्रभर बसून निवासवाल्यांना पत्र लिहिलं. खरं ते सगळं लिहिलं. ऑर्डर गेली तर जाऊ दे.

२७ मार्च

उत्तर आलं. पत्राबद्दल आभार. तुमच्या वस्तूची कागदपत्रं आमच्या विभागाने तपासली असून ती पूर्णपणे नियमानुसार आहेत, तरी काळजी नसावी. माल पोचला आहे, दिवे बसवण्याचं काम सुरू झालं आहे. शेवटी त्यांनी दुप्पट दिवे मागितलेत.

ठिणग्याने वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

पुन्हा लिहिलं. फोन केला. एका बाईने प्रेमाने ऐकून घेतलं आणि विचारलं, कुणा रहिवाशाची तक्रार आली आहे का? नाही म्हटलं. मग आली की बघू, म्हणाली.

२९ मार्च

घरातले घोडे काढले, पण छतात, खोल्यांत आमचेच दिवे आहेत. जुन्या नळ्या मी त्या उत्साहात भंगारात दिल्या होत्या. उद्या आणायच्या. आत्याशी बाबा दुपारी बोलले, खूप वेळ. ती बोलण्यापेक्षा रडलीच जास्त, असं म्हणाले.

संध्याकाळी त्यांना निवासवाल्यांचं उत्तर वाचून दाखवलं. ते डोळे मिटून, जुन्या सवयीने गुडघ्यावर बोट फिरवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, सगळं खरं लिहिलंय त्यांनी, एक शब्द खोटा नाही. मी म्हटलं, बाबा, मी काय करू सांगा. जे म्हणाल ते करते.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “तिथे एखादा म्हातारा उद्या म्हणेल, भुंगा शिरलाय खोलीत. त्याला मुलगी असेल. ती त्याला डॉक्टरकडे नेईल. तो खरं बोलतोय, हे तिला कोण सांगणार?”

अंधारून आलं होतं, समोर बसलेले बाबाही दिसेनासे झाले. तरी दोघांपैकी कुणीही दिवा लावायला उठलं नाही.